छपराचं काय?

"सोलर बसवतोच आहोत, तर गळका स्लॅबही त्याच सबसिडीत होईल ना?" उत्तर सरळ आहे: नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना फक्त किलोवॅट मोजते. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, कमाल ७८,०००. वॉटरप्रूफिंगचं बिल कितीही येवो, सबसिडी एक रुपयाने वाढत नाही. अमेरिकेतली ३० टक्के करसवलत २०२५ अखेर संपली, पण ती होती तेव्हाही साधं छप्पर त्यात धरत नसत.

तरी मला हे पटत नाही. सरसकट पैसे नकोत, मान्य. नाहीतर अख्खं नाशिक सोलरच्या नावाखाली घरं दुरुस्त करून घेईल! पण पॅनेल २५ वर्षांचं. खालचा स्लॅब पाचव्या वर्षी गळला तर सगळं उतरवा, परत चढवा. पाया कच्चा ठेवून वर मजला चढवण्यातलाच हा प्रकार. शिवाय ज्याचा स्लॅब आधीच धड, त्यालाच सबसिडी. सिडकोतल्या जुन्या गळक्या घरवाल्याने नुसतं बघत बसायचं?

पॅनेलखालच्या जागेपुरती, किलोवॅटमागे ठरावीक रक्कम द्या. बस्स. तोवर मंडळी, आधी स्लॅब, मग सोलर. दुरुस्तीसाठी कर्ज काढलंत तर राहत्या घराच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, तेवढी तरी सोडू नका.