अपेक्षांचे ऋण : ‘द एल्डर स्क्रोल्स’चा सहावा भाग आणि चारशे वर्षांचा एक जुना वाद

१/ १० जून २०१८. लॉस एंजेलिसमधील ई-थ्री प्रदर्शनाच्या निमित्ताने बेथेस्डा कंपनीने जेमतेम छत्तीस सेकंदांची एक चित्रफीत दाखविली. डोंगराळ किनारपट्टी, वर तरंगणारे ढग, ओळखीची सुरावट आणि शेवटी नाव : ‘द एल्डर स्क्रोल्स ६’. कथा नाही, स्थळ नाही, तारीख नाही. २०२५ साल सरले तरी हा खेळ बाजारात आलेला नव्हता. #धागा

२/ या दीर्घ प्रतीक्षेविषयी दोन मते हिरिरीने मांडली जातात. पहिले असे की, चाहते लाडावलेले आहेत आणि त्यांच्या अपेक्षा कोणताही निर्माता पुऱ्या करू शकणार नाही. दुसरे असे की, कंपनीने चाहत्यांना वाऱ्यावर सोडले. दोन्ही मते अर्धवट आहेत. खरा प्रश्न वेगळाच आहे : या अपेक्षेत हक्काचे किती आणि हट्टाचे किती?

३/ हा प्रश्न संगणकापेक्षा फार जुना आहे. सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये ‘अमादिस दे गाउला’ या शौर्यकथेने वाचकांना वेड लावले. तिची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी मुद्रित आवृत्ती १५०८ ची. शूर सरदार, चेटकिणी, राक्षस, मंतरलेली बेटे असा तिचा ऐवज. आजच्या अद्भुतरम्य खेळांचे मूळ शोधू लागले, तर वाट अशाच ग्रंथांपाशी जाते.

४/ मग पुढील भागांची रांग लागली. संपादक मोंताल्वो याने अमादिसच्या पुत्राची कथा सांगणारा पाचवा भाग काढला. १५२६ साली हुआन दियास याने आठव्या भागात खुद्द वृद्ध अमादिसला मृत्यू दिला. वाचकांना ते मुळीच रुचले नाही. फेलिसियानो दे सिल्व्हा या लेखकाने १५३० च्या आपल्या पुढील भागात तो मृत्यू घडलाच नाही असे धरून कथा पुढे रेटली. लोकाग्रहास्तव मेलेला नायक जिवंत झाला.

५/ वाचकाचा हट्ट पुरविल्याने कथा सुधारली काय? मालिका लांबली, ग्रंथ वाढले, पण त्या साऱ्या पसाऱ्यातून आज सामान्य वाचकाच्या स्मरणात फारसे काही उरलेले नाही. उरला तो त्या ग्रंथांच्या वेडापायी भ्रमिष्ट झालेला एक म्हातारा वाचक : सर्व्हान्तेसचा डॉन किहोते. जगातील सर्वांत प्रसिद्ध कादंबरीचा नायक मुळात एक चाहता आहे, हे विसरता कामा नये.

६/ ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली आला. त्याच्या शेवटी नायकाच्या सारागोसाच्या स्वारीचे सूतोवाच होते. वर्षे लोटली, दुसरा भाग येईना. १६१४ साली अव्हेल्यानेदा हे टोपणनाव घेतलेल्या कुणा लेखकाने स्वतःच दुसरा भाग छापून टाकला आणि वचनानुसार नायकाला सारागोसाला नेले. १६१५ साली सर्व्हान्तेसचा अस्सल दुसरा भाग आला.

७/ त्यात त्याने काय केले, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. पहिल्या भागात सांचोचे गाढव चोरीस जाते आणि खुलासा न होता पुन्हा हजर होते, ही चूक वाचकांनी पकडली होती. मूळ कथेशी संबंध नसलेल्या उपकथा घुसडल्या, अशीही तक्रार होती. सर्व्हान्तेसने दोन्ही आक्षेप दुसऱ्या भागातील पात्रांच्याच तोंडी घातले, गाढवाचा खुलासा केला आणि तशा उपकथा टाळल्या.

८/ पण कथानकाबाबत त्याने कोणाचेच ऐकले नाही. तोतया लेखकाने नायकाला सारागोसाला नेले म्हणून आपला नायक त्याने हट्टाने बार्सेलोनाला वळविला, म्हणजे स्वतःचेच वचन मोडले. शेवटी त्याला शहाणे करून मरणही दिले. कारागिरीतील दोषांबद्दल वाचकांपुढे नमते घेणारा हा लेखक कल्पनेच्या बाबतीत तसूभरही हलला नाही.

९/ हाच भेद येथे कसोटी म्हणून वापरता येतो. ‘पुढे काय घडावे’ ही अपेक्षा म्हणजे इच्छा. तिचा आदर करावा, पण ती पाळण्याचे बंधन निर्मात्यावर नाही. ‘वस्तू नीट चालावी, दिलेला शब्द पाळला जावा, आजवर वाचकांनी घातलेल्या श्रमांची जाण राहावी’ ही अपेक्षा मात्र हक्क आहे. आजच्या वादात दोन्ही बाजूंनी या दोन गोष्टींची सरमिसळ केलेली दिसते.

१०/ आधी हट्टाचा हिशेब. मालिकेचा पहिला खेळ ‘अरेना’ १९९४ चा, दुसरा ‘डॅगरफॉल’ १९९६ चा. ‘डॅगरफॉल’चे जग संगणकाने सूत्रबद्ध रीतीने रचलेले आणि अवाढव्य होते. त्याची तुलना ग्रेट ब्रिटनच्या क्षेत्रफळाशी केली जाते. हजारो गावे, असंख्य तळघरे आणि तितकेच असंख्य बिघाड.

११/ २००२ साली ‘मॉरोविंड’ आला आणि जग एका बेटापुरते आक्रसले. ‘डॅगरफॉल’च्या चाहत्यांना हा अधःपात वाटला. परंतु त्या बेटावरील प्रत्येक दगड माणसाच्या हाताने मांडलेला होता. महाकाय अळंब्यांची झाडे, राखेची वादळे, परस्परविरोधी धर्मकथा. मागील खेळाचा विस्तार टाकून दिला म्हणूनच ही खोली साधता आली.

१२/ २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ आला. आता ‘मॉरोविंड’चे चाहते खवळले. हवेत तरंगण्याचा मंत्र गेला, भाले गेले. पूर्वी घनदाट अरण्य म्हणून वर्णिलेला सिरोडील प्रांत युरोपीय वळणाच्या वनराईत बदलला. वाट शोधण्याऐवजी होकायंत्रावरील खुणेमागे धावणे आले. यांतील अनेक आक्षेप रास्त होते. तरीही त्याच खेळाने या मालिकेला लाखो नवे खेळाडू मिळवून दिले.

१३/ ११ नोव्हेंबर २०११ रोजी ‘स्कायरिम’ आला. बळ, बुद्धी, चपळाई असे मूलगुण गेले, पात्राचा ‘वर्ग’ निवडणे गेले, स्वतःचे मंत्र घडविण्याची सोय गेली. ‘ऑब्लिव्हियन’चे चाहते हळहळले. २०२३ पर्यंत त्याच खेळाचा खप सहा कोटी प्रतींवर गेल्याचे टॉड हॉवर्ड यांनी सांगितले. आज सहाव्या भागाकडून ‘दुसरा स्कायरिम’ मागणाऱ्यांचा तोच मानदंड आहे.

१४/ निष्कर्ष उघड आहे. ‘खरा एल्डर स्क्रोल्स’ म्हणून जो मागितला जातो, तो बहुधा मागणाऱ्याने कोवळ्या वयात प्रथम खेळलेला भाग असतो. मालिकेचा प्रत्येक यशस्वी भाग आधीच्या भागाच्या चाहत्यांना दुखावूनच उभा राहिला. ‘आहे तसाच, फक्त मोठा’ ही मागणी निष्ठेच्या नावाने केली जात असली तरी या मालिकेच्या स्वभावाशीच विसंगत आहे.

१५/ या बाबतीत मालिकेने एकदा मोठी मौज केली. ‘डॅगरफॉल’चे अनेक शेवट होते आणि ते एकमेकांना छेद देणारे होते. पुढील भागात कोणता शेवट ‘खरा’ मानावा? रचनाकारांनी काळालाच तडा दिला आणि सर्व शेवट एकाच वेळी घडले असे ठरविले. दे सिल्व्हाने नकोसा शेवट पुसला होता, येथे कोणाचाच पुसला नाही. मात्र खेळाडूंपैकी कोणी असे काही मागितले नव्हते. मागून मिळण्यासारखी ही गोष्टच नव्हे.

१६/ म्हणून कथा हॅमरफेलच्या वाळवंटात घडावी की हाय रॉकच्या किल्ल्यांत, जुने पात्र परत यावे की नाही, अशा याद्यांना मागणीपत्राचे रूप देणे चुकीचे आहे. त्या रंजक आहेत, त्यांवर रात्री जागवाव्यात. पण त्यांपैकी एखादी गोष्ट आली नाही म्हणून विश्वासघात झाला असे म्हणणे म्हणजे दियासच्या वाचकांप्रमाणे मेलेल्या अमादिसला उठवायला सांगणे होय. आणि त्या रागापोटी एखाद्या कर्मचाऱ्याला धमकावणे हा तर निव्वळ गुंडपणा आहे.

१७/ आता हक्काचा हिशेब, जो पहिल्या मताचे पुरस्कर्ते सोयीस्करपणे टाळतात. २००२ साली ‘मॉरोविंड’च्या संगणकीय आवृत्तीसोबत कंपनीने जग घडविण्याचे साधनच खेळाडूंच्या हाती दिले. त्यातून ‘मॉड’ म्हणजे खेळाडूंनी केलेल्या भरी आणि दुरुस्त्या यांची एक परंपरा उभी राहिली. येथपासून चाहता हा केवळ गिऱ्हाईक उरला नाही.

१८/ ‘टॅम्रिएल रीबिल्ट’ हा प्रकल्प ‘मॉरोविंड’ बाजारात येण्याआधीच, २००१ मध्ये सुरू झाला. खेळात न आलेला मुख्य भूप्रदेश स्वयंसेवक आजही रचत आहेत. ‘स्कायरिम’च्या पायावर ‘एंडेराल’ हा संपूर्ण नवा खेळ २०१६ साली उभा राहिला. ‘द फर्गॉटन सिटी’ नावाच्या मॉडला ऑस्ट्रेलियातील लेखकसंघाचा पुरस्कार लाभला आणि २०२१ मध्ये तो स्वतंत्र खेळ झाला.

१९/ याहून महत्त्वाचे काम कंटाळवाणे आहे. ‘स्कायरिम’मधील अडकणाऱ्या मोहिमा, तुटलेले संवाद, चुकीच्या नोंदी यांची दुरुस्ती वर्षानुवर्षे ‘अनधिकृत पॅच’ या नावाने चाहत्यांनी विनामूल्य केली. कंपनीने तोच खेळ २०१६ मध्ये विशेष आवृत्ती म्हणून, २०१७ मध्ये नव्या यंत्रांवर आणि २०२१ मध्ये वर्धापन आवृत्ती म्हणून पुन्हा विकला. दहा वर्षांनंतरही गिऱ्हाईक टिकले, त्यात या फुकटच्या मेहनतीचा वाटा मोठा आहे.

२०/ एप्रिल २०१५ मध्ये हे नाते उघडे पडले. ‘स्टीम’वर ‘स्कायरिम’चे मॉड पैसे घेऊन विकण्याची योजना आली. विक्रीतील अवघा चौथा हिस्सा प्रत्यक्ष करणाऱ्याला मिळणार होता. असा गदारोळ उठला की चार-पाच दिवसांत योजना मागे घ्यावी लागली. तेव्हाही चाहत्यांना ‘फुकटे’ म्हटले गेले. ज्यांनी खेळ दुरुस्त केला, त्यांनाच फुकटे म्हणण्याचे धाडस कौतुकास्पद आहे!

२१/ या पार्श्वभूमीवर २०१८ ची चित्रफीत पाहावी. त्याच कार्यक्रमात कंपनीने नव्या अवकाशखेळाची, ‘स्टारफिल्ड’ची घोषणा केली होती. जुने चाहते धास्तावू नयेत म्हणून सहाव्या भागाचे नाव दाखविणे सोयीचे होते. ‘स्टारफिल्ड’ यायलाच सप्टेंबर २०२३ उजाडला. सहाव्या भागाच्या प्राथमिक आवृत्त्या खेळून पाहत असल्याचे कंपनीने सांगितले, ते मार्च २०२४ मध्ये.

२२/ ही घोषणा अधिक साधेपणाने करायला हवी होती, अशा आशयाची कबुली हॉवर्ड यांनी पुढे स्वतः दिली. ती प्रामाणिक आहे. पण तिचा अर्थही पुरता घ्यावा. वस्तू नसताना तिचे नाव जाहीर करणे म्हणजे लोकांच्या उत्सुकतेवर काढलेली उचल होय. उचल घेणाऱ्याने नंतर सावकाराला हावरट म्हणू नये. अपेक्षा ‘अवास्तव’ झाल्या असतील, तर त्यांवर सात-आठ वर्षांचे व्याज कोणामुळे चढले?

२३/ यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो : खेळ विकत घेतला, पैसे वसूल झाले, व्यवहार संपला, कंपनीवर पुढचे कोणतेही बंधन नाही. कायद्याने हे खरे आहे. पण कायदा तर अव्हेल्यानेदालाही अडवीत नव्हता. ज्या कंपनीने स्वतः साधने देऊन लोकांना कामाला लावले आणि त्या कामाच्या जोरावर खेळ दहा वर्षे विकला, तिला केवळ विक्रेत्याची भूमिका घेता येणार नाही.

२४/ तेव्हा हक्काने मागण्यासारख्या गोष्टी तीनच. पहिली, जग घडविण्याची साधने पूर्वीइतकीच खुली मिळावीत. दुसरी, खेळ नीट चालणारा असावा, दुरुस्तीचा भार पुन्हा स्वयंसेवकांच्या माथी मारू नये. तिसरी, दाखविण्यासारखे काही असेल तेव्हाच दाखवावे. यांत कथेविषयी, स्थळाविषयी, आवडत्या शस्त्राविषयी एक अक्षरही नाही.

२५/ उरलेले सारे निर्मात्यावर सोपवावे आणि त्याने अपेक्षाभंग करण्याचे धैर्य दाखवावे. ‘किहोते’च्या दोन भागांत दहा वर्षांचे अंतर होते. ‘स्कायरिम’नंतरचे अंतर ते केव्हाच ओलांडून गेले. सहाव्या भागात ‘स्कायरिम’चीच हुबेहूब सावली निघाली, तर चाहत्यांनी मागितले ते त्यांना मिळेल आणि मालिकेचा अमादिस होईल. गाढवाची चूक सुधारून मार्ग मात्र बार्सेलोनाचा धरला, तर पहिले काही महिने शिव्या पडतील. ‘मॉरोविंड’लाही त्या पडल्याच होत्या. (समाप्त)