मोडीत काढण्याआधी मोडी बघा!

उन्हाळा लागला की जुनी घरं उतरवायची घाई सुरू होते. माळवद पाडून स्लॅब टाकायचा, म्हणून माळ्यावरचा पसारा अंगणात येतो. नेमका तेव्हाच जुनं लाकूड घेणाऱ्याचा टेम्पो गल्लीत उभा राहतो. "ह्या मोडक्या पेटीत काय ठेवलंय, काका? द्या टाकून!" आणि आपण देतो टाकून.

शेतकरी बंधूंनो, जरा थांबा. ती पेटी मुळात कशाची होती, एवढं तरी ओळखा.

आमच्या घरात अशीच एक बुटकी सागवानी पेटी होती. आजी तीत पुरचुंड्या बांधून बियाणं ठेवायची, म्हणून आम्ही तिला बियाण्याची पेटी म्हणायचो. पण बियाण्याच्या पेटीला उतरतं झाकण कशाला, हा प्रश्न कुणाला पडला नाही. ते होतं लिहिण्याचं मेज. बैठकीवर मांडी घालून लिहिणाऱ्यासाठी केलेलं, म्हणून बुटकं. खालच्या कडेला बारीक पट्टी असते, ती कागद घसरू नये म्हणून. वरच्या सपाट भागात गोल खळगा असतो, तो दौतीचा. शेजारची लांबट खाच बोरूची. त्याच्या आसपास लाकडात मुरलेले काळे डाग दिसले की शंकाच नको, ती शाई.

आता लिहिणारा कोण? झाकणाला पैसे टाकायची फट आणि आत नाण्यांचे छोटे कप्पे असतील, तर पेटी बहुधा पेढीवरची, म्हणजे गल्ला. फट नसून आत लांबरुंद मोकळी जागा आणि बाहेर कडीकोयंडा असेल, तर ती दप्तराची असू शकते. एका खुणेवर निकाल देऊ नका. चार खुणा जुळवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि तोवर रंधा, पॉलिश काही लावू नका. डाग गेला की पुरावाही गेला.

एवढी उठाठेव कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण असं, की गावाचा हिशेब लिहिणारे कुळकर्णी आपल्या घरीच दप्तर ठेवत. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतनं गेली, १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकीही संपली. अधिकार गेले, पण सगळंच दप्तर सरकारात जमा झालं असं नाही. काही कागद रुमालात बांधलेले पेटीतच राहिले. वाटण्या, बांध, पाण्याच्या पाळ्या, सगळं मोडीत.

आमची पेटी चुलत्यांनी विकली, तळाचं फडकंसुद्धा न सोडता. पुढे २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं धुंडाळली जाऊ लागली आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. तेव्हा आमच्या घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या फडक्यात काय होतं? नुसती चिंधी असेल, नाहीतर आमच्या पणजोबांचं नाव असेल. आता कोण सांगणार?

म्हणून दोन गोष्टी करा. पेटी विकायचीच असेल तर खुशाल विका, पण आधी कप्पे आणि तळ तपासा. कागद निघाले तर चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळत घालू नका. कोरड्या सुती कापडात बांधा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. पुण्यात पेशवे दप्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे चौकशी करता येते.

आणि भाऊसाहेब, तुम्हालाही विनंती. चावडी, शाळा, जुनी ग्रामपंचायत पाडताना आतलं लाकूडसामान लिलावात काढण्याआधी चार जुन्या माणसांसमोर उघडा, पंचनामा करा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. याला निधी लागत नाही, फक्त एक दुपार लागते.

लाकडाला गिऱ्हाईक उद्याही मिळेल. आतला कागद एकदा गेला की गेला.