मृदंगावर नाव कुणाचे?

१६ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका गायकाच्या पुरस्काराबाबत अंतरिम आदेश दिला. कर्नाटक संगीताचे ख्यातनाम गायक टी. एम. कृष्णा यांनी स्वतःला एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या नावाच्या पुरस्काराचे मानकरी म्हणवून घेऊ नये, असा तो आदेश होता. आदल्याच दिवशी चेन्नईच्या म्युझिक अकादमीत त्यांचा सन्मान झाला होता. तिकडच्या ब्राह्मण गायकांच्या भांडणाशी आपला काय संबंध, असे आपल्यातले काही म्हणतील. संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. कला कुणाची, कीर्ती कुणाची आणि अस्सल कशाला म्हणायचे हे या देशात कोण ठरवते, हा प्रश्न या प्रकरणात उघडा पडला आहे.

कृष्णा जन्माने तामिळ ब्राह्मण. चेन्नईत दर वर्षी मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, संगीताचा जो मोठा हंगाम भरतो, त्यातले हे पहिल्या रांगेतले नाव. या माणसाने २०१३ साली ‘अ सदर्न म्युझिक’ हा जाडजूड ग्रंथ लिहून आपल्याच संगीताची उलटतपासणी केली आणि २०१५ मध्ये या हंगामात गाणार नाही असे जाहीर केले. टाळ्या, मानधन, सभागृहातली ठरलेली पहिली रांग, मैफलीचा ठरलेला क्रम या सगळ्यातून गायकाची निर्मितीशक्ती मरते, असे त्यांचे म्हणणे. शिवाय ज्याला आपण ‘शुद्ध’ संगीत म्हणतो ती शुद्धता म्हणजे जातीने घातलेले कुंपण आहे, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. चेन्नईतल्या ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या मच्छीमार वस्तीत त्यांनी मित्रांसह महोत्सव भरवला. सम्राट अशोकाचे शिलालेख स्वरबद्ध करून ते प्राकृतात गायले. २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी त्याच पुरस्काराचे दुसरे भारतीय मानकरी होते सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन. मैला वाहणाऱ्यांच्या मुक्तीसाठी आयुष्य देणारा माणूस आणि रागसंगीताचा गायक, दोघांचाही एकाच वर्षी सन्मान झाला होता.

मार्च २०२४ मध्ये म्युझिक अकादमीने कृष्णांना ‘संगीत कलानिधी’ जाहीर करताच काही नामवंत कलाकारांनी अकादमीच्या परिषदेवर बहिष्कार टाकला. या माणसाने पेरियारांचा गौरव केला, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. सूर चुकला, ताल चुकला असा आक्षेप कुणीही घेतला नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या पुरस्काराला एक जोडपुरस्कार आहे. ‘द हिंदू’ वृत्तसमूहाने २००५ पासून कलानिधीच्या मानकऱ्याला सुब्बुलक्ष्मींच्या नावे रोख रक्कम देण्यास सुरुवात केली. सुब्बुलक्ष्मींचे नातू त्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात गेले. त्यांचे दोन मुद्दे होते. एक, आजीने १९९७ च्या मृत्युपत्रात आपल्या नावे कोणतेही स्मारक, न्यास वा पुतळा नको असे लिहून ठेवले आहे. दोन, कृष्णांनी आजीविषयी अवमानकारक लिखाण केले. एकल न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुब्बुलक्ष्मींचे नाव वापरून पुरस्कार देण्यास मनाई केली. खंडपीठाने १३ डिसेंबरला तो आदेश रद्द केला. १५ ला पुरस्कार दिला गेला आणि १६ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला.

वकील म्हणून एवढेच म्हणतो की, मृत्युपत्राचा मुद्दा पोकळ नाही. माणसाने मृत्यूनंतर आपल्या नावाचे काय व्हावे हे लिहून ठेवले असेल, तर ते वाचले गेले पाहिजे. पण मग प्रश्न उरतो तो असा. २००५ पासून हा पुरस्कार वर्षानुवर्षे दिला जात होता. तेव्हा ते मृत्युपत्र कुणाच्या कपाटात होते? कायद्यात विलंबाला अर्थ असतो. पेरियारांचे नाव घेणारा गायक मंचावर येईपर्यंत ते कपाट उघडले नाही, यालाही आहे.

आता ते ‘अवमानकारक’ लिखाण. १९१६ साली मदुराईत जन्मलेल्या सुब्बुलक्ष्मी देवदासी परंपरेतल्या. आई षण्मुखवडिवू वीणावादक. पुढे त्या ब्राह्मण पतीच्या घरात गेल्या. त्यांची राहणी, पेहराव, गाण्यांची निवड, सारे त्या घराच्या संस्काराने घडले आणि अखेरीस भक्तीची मूर्ती म्हणून देशाने त्यांना डोक्यावर घेतले. १९९८ साली ‘भारतरत्न’ मिळाले. या कीर्तीसाठी त्यांना काय काय मागे सोडावे लागले, हा प्रश्न कृष्णांनी २०१५ मध्ये विचारला. यात अवमान कुठे आहे? देवदासी घरात जन्म झाला हे सांगणे ज्यांना अवमान वाटतो, त्यांनी तो अवमान कुणी निर्माण केला हे आधी सांगावे. देवदासी स्त्रियांचे ‘सदिर’ नृत्य उचलले, धुतले, त्याला भरतनाट्यम म्हटले, आणि ज्या स्त्रियांनी ते शतकानुशतके जपले त्यांना दाराबाहेर ठेवले. कला ‘अस्सल’ ठरवण्याची ही ब्राह्मणी पद्धत आहे.

पण माझ्या दृष्टीने कृष्णांचे सर्वांत मोलाचे काम वेगळेच आहे. २०२० साली आलेले ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक मृदंगम बनवणाऱ्या कारागिरांचा इतिहास सांगते. हे कारागीर बहुतांशी दलित ख्रिस्ती, तंजावर भागातली त्यांची मोठी घराणी. मृदंगमसाठी फणसाचे खोड लागते आणि गाय, म्हैस, शेळी या तिन्ही जनावरांचे कातडे लागते. कातडे निवडणे, ते ताणणे, थर बसवणे, शाईचा लेप देणे आणि नाद जुळेपर्यंत बसून राहणे हे कारागिराचे काम. ज्या पालघाट मणि अय्यर यांच्या हाताचे आजही गोडवे गातात, त्यांचे वाद्य सेबॅस्टियनचा मुलगा पर्लांदू बनवीत असे. दोघांनी मिळून प्रयोग करून नाद घडवला. इतिहासात वादक राहिला आणि पर्लांदू ‘काम करून देणारा माणूस’ झाला. वाजवणारा शाकाहारी, सोवळा. वाद्यावर मात्र गाईचे कातडे. ते कापणारा, कमावणारा माणूस मात्र घराबाहेर.

या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने आधी सभागृह दिले होते. पुस्तकातला गाईच्या कातड्याविषयीचा मजकूर वृत्तपत्रात छापून आल्यावर परवानगी मागे घेतली. सामाजिक सलोखा बिघडेल म्हणे! मृदंगम ऐकताना सलोखा बिघडत नाही, ते कशाचे बनते हे वाचताना बिघडतो. शेवटी प्रकाशन शहरातल्याच एका पत्रकारिता महाविद्यालयात झाले आणि थोल. तिरुमावळवन त्या मंचावर होते.

आता कायद्याकडे पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम सांगते की, हक्क विकला तरी निर्मात्याचा ‘हे माझे आहे’ म्हणण्याचा अधिकार कायम राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनाला संरक्षण मिळाले आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही आपले नाव सांगण्याचा हक्क मिळाला. या सगळ्यात वाद्य घडवणारा कुठेच नाही. भौगोलिक मानांकन आहे. तंजावरच्या वीणेला ते २०१३ मध्ये मिळाले, आपल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये. चांगली गोष्ट आहे. पण मानांकनावर नाव येते गावाचे. कारागीर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करू शकतो, निर्माता म्हणून नाही.

कर्नाटक संगीतात त्यागराजाची प्रत्येक कृती त्याच्या नाममुद्रेने ओळखली जाते. आपल्याकडे चोखोबाने अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले. ज्याला देवळाच्या पायरीपलीकडे जागा नव्हती, त्याने शब्दात जागा करून घेतली. वामनदादा कर्डकांनीही गीताच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ विणून ठेवला. कॅसेटच्या वेष्टनावरून गीतकाराचे नाव गायब करता येते, कडव्यातून काढायला गेले तर गाणे मोडते. वामनदादांना कॉपीराइट कायद्याची कलमे सांगायला कुणी वकील गेला नसेल, त्यांनी आपली तजवीज आपणच केली.

कृष्णांविषयी आदर ठेवूनही एक गोष्ट बोलली पाहिजे. त्यांनी कीर्ती नाकारली, कारण ती त्यांच्याजवळ होती. मंच सोडणारा ब्राह्मण ‘त्यागी’ ठरतो. मंच मागणारा दलित काय ठरतो? अरक्कोणमचा तरुण रॅपर अरिवू पाहा. चहाच्या मळ्यात राबलेल्या आजीच्या आठवणींतून त्याने ‘एंजॉय एंजामी’ लिहिले आणि गायले. २०२१ मध्ये गाणे जगभर गाजले. त्याच वर्षी एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याचा दाखला होता, सहगायिका होती, अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर मासिकाने त्याचे मुखपृष्ठ वेगळे काढले. २०२२ च्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्‌घाटनात ते गाणे अरिवूशिवाय सादर झाले. त्याने आपल्या श्रमाचा हिशेब मांडला तेव्हा गाणे सगळ्या चमूचे आहे, असे उत्तर आले. चमूचे असेलही. सहगायिका आणि संगीतकार यांचा वाटा कुणी नाकारत नाही. पण चमूतून वगळायची वेळ आली की पहिले नाव कुणाचे जाते, हा योगायोग आपण फार वेळा पाहिला आहे. कीर्तीचा मोह वाईट हे कृष्णांनी सांगावे, त्यांना ते शोभते. अरिवूला ते सांगणाऱ्याने आधी त्याचे नाव मुखपृष्ठावर छापावे.

आणि हे बोट फक्त प्रस्थापितांकडे दाखवून चालणार नाही. येत्या १४ एप्रिलला गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम होतील. पत्रकावर उद्‌घाटक असतील, स्वागताध्यक्ष असतील, गायकाचा फोटो असेल. गीतकाराचे नाव चार पत्रकांतल्या एकावर सापडले तर नशीब. ढोलकी आणि हलगी वाजवणाऱ्यांचे नाव ‘आणि संच’ एवढ्या दोन शब्दांत मावते. ती ढोलकी ज्याने मढवली, त्याचे दुकान कुठल्या गल्लीत आहे हे संयोजकांना माहीत असते, कारण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती ताणून आणायला तेच गेलेले असतात.