बांधणारा थोर कीं राखणारा ?

अंबडच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांचे वडील, काका अथवा वडील बंधु कामास जातात असे अनेक विद्यार्थी हा अंक हातीं घेतील. त्यांस एक गोष्ट निराळी सांगावयास नको. लेथ कितीहि उंची असो. पाळी सुरू होण्यापूर्वीं त्यास तेल दिलें नाहीं, पाळी संपल्यावर त्यावरील बुरादा झाडला नाहीं, झिजलेला भाग वेळींच बदलला नाहीं, तर थोड्याच वर्षांत तें यंत्र भंगाराच्या भावानें विकावें लागतें. नवें यंत्र कारखान्यांत येतें त्या दिवशीं नारळ फुटतो, पेढे वांटले जातात, छायाचित्र निघतें. परंतु त्याच यंत्रास वीस वर्षें चालतें ठेवणाऱ्या कारागिराचें छायाचित्र कोणी काढल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. जगाची ही रीत योग्य आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं उदाहरण घेतलें आहे तें मात्र लोखंडाच्या यंत्राचें नव्हे, तर डोळ्यांस न दिसणाऱ्या एका यंत्राचें.

तें यंत्र म्हणजे ‘कंपायलर’. वडील मंडळींपैकीं कित्येकांस हा शब्द अपरिचित असेल, म्हणून थोडा खुलासा करितों. संगणकास मनुष्याची भाषा समजत नाहीं. त्याच्या पोटांत शून्य आणि एक या दोनच अंकांच्या ओळी चालतात. त्या अंकांत लिहिणें मनुष्यास अतिशय कष्टाचें, म्हणून त्यानें ‘फोर्ट्रान’, ‘सी’ इत्यादि मधल्या भाषा रचिल्या. या भाषांत लिहिलेल्या आज्ञांचें संगणकाच्या अंकभाषेंत रूपांतर करणारा जो दुभाषी, त्याचें नांव कंपायलर. इ. स. १९५२ सालीं ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीनें या कल्पनेस प्रारंभिक मूर्त रूप दिलें, आणि १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं फोर्ट्रानचा कंपायलर जगापुढें ठेविला. दुभाषी चुकला म्हणजे बोलणाऱ्याचा दोष नसतांहि व्यवहार फिसकटतो. तद्वत् कंपायलरमध्यें एक चूक राहिली, तर त्याच्या हाताखालून जाणाऱ्या हजारों निर्दोष कामांत ती चूक शिरूं शकते. यावरून त्याचें महत्त्व ध्यानांत यावें.

आतां ज्या कंपायलरविषयीं आम्हांस विशेष सांगावयाचें आहे, त्याचें नांव ‘जीसीसी’. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ नांवाचा संकल्प जाहीर केला. संगणकावर चालणारी सर्व सामग्री मुक्त असावी; तिची मूळ संहिता कोणासहि वाचतां यावी, सुधारतां यावी व दुसऱ्यास देतां यावी, असा तो संकल्प होता. त्याच संकल्पांतून १९८७ सालीं जीसीसीची पहिली आवृत्ति बाहेर पडली. अशा सामग्रीस आज ‘मुक्तस्रोत’ म्हणतात. १९९१ सालीं आरंभ झालेली लिनक्स प्रणाली याच कंपायलरच्या साहाय्यानें उभी राहिली.

येथवरची कथा बांधणाऱ्याची झाली, आणि पुस्तकांत बहुधा एवढीच सांपडते. पुढची कथा राखणाऱ्यांची आहे. पहिल्या दहा वर्षांत जीसीसीचा पसारा वाढला, पण काम मंदावलें. बाहेरून येणाऱ्या दुरुस्त्या मूळ संहितेंत लवकर घेतल्या जाईनात. तेव्हां १९९७ सालीं कांहीं जाणत्या मंडळींनीं त्याच संहितेची प्रत घेऊन ‘ईजीसीएस’ या नांवानें निराळी चूल मांडिली. त्यांनीं दार उघडें ठेविलें, कामाची वांटणी केली, आणि १९९९ च्या एप्रिल महिन्यांत या निराळ्या चुलीलाच मुख्य घराचा मान मिळाला. म्हणजे जीसीसी आज जिवंत आहे तो केवळ कोणी त्याचा पाया घातला म्हणून नव्हे, तर पडझड होऊं लागतांच कोणी पदर खोचून पुढें आलें म्हणून. आज त्या संहितेच्या ओळी एक कोटीहून अधिक भरतात. कोणत्या भागाची निगा कोणी राखावयाची, याची नांवनिशीवार यादी त्या संहितेसोबतच ठेविलेली असते.

येथें एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “लोखंड झिजतें हें समजलें, पण अक्षरें कशीं झिजतील? एकदां बरोबर लिहिलेलें कायमचें बरोबर राहणार नाहीं काय?” प्रश्न मार्मिक आहे. अक्षरें झिजत नाहींत, परंतु त्यांच्या भोंवतालचें जग पालटतें. नवे संगणक निघतात, त्यांची अंकभाषा निराळी असते. ज्या भाषांचें रूपांतर करावयाचें, त्यांचे नियमहि सुधारतात. सी भाषेचे प्रमाण नियम १९८९ सालीं ठरले, ते १९९९ व २०११ सालीं पुन्हां बदलले. नदीनें पात्र बदललें म्हणजे अभंग असलेला घाटहि कोरडा पडतो, त्यांतलाच हा प्रकार.

म्हणून जीसीसीच्या कामाचें वर्ष शेतीच्या वर्षासारखें आंखलेलें असतें. वर्षाच्या पूर्वभागांत नव्या सुधारणा घ्यावयाच्या. पुढें त्या बंद करून फक्त दुरुस्त्या करावयाच्या. आणि शेवटले कांहीं महिने, पूर्वीं चालत असलेलें जें नव्या बदलांमुळें मोडलें असेल तेवढेंच नीट करावयाचें. नंतर वसंत ऋतूच्या सुमारास नवी मोठी आवृत्ति प्रसिद्ध होते. तींतहि एक परीक्षा मोठी मौजेची आहे. जीसीसी हा स्वतःच एक लेख आहे, म्हणून त्याचें रूपांतर करावयास कंपायलर लागतो. प्रथम जुन्या कंपायलरकडून नवा घडवितात; त्या नव्याकडून तोच पुन्हां घडवितात; आणि या दुसऱ्याकडून तिसऱ्यांदा. दुसरा आणि तिसरा यांत लेशमात्र फरक निघाला, तर कोठें तरी दोष आहे असें समजून शोध सुरू होतो. स्वतःच्या कामाची इतकी कठोर तपासणी आपण आपल्या उत्तरपत्रिकेची केली तर किती गुण वाढतील बरें !

मुक्त वस्तूचा एक धोका मात्र ओळखला पाहिजे. जें सर्वांचें, तें पुष्कळदां कोणाचेंच नसतें. गांवची विहीर सर्वांची, पण गाळ काढण्याच्या दिवशीं चार माणसें मिळण्याची मारामार. या रोगावरील औषध आपल्याच पूर्वजांस ठाऊक होतें. नाशिक व धुळें जिल्ह्यांत मोसम, आरम, पांझरा इत्यादि नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे कित्येक पिढ्या चालत आले. नदीस लहान बंधारा घालून पाटानें पाणी शेतांस न्यावयाचें, पाणी देण्यास पाटकरी, पिकाच्या राखणीस जागल्या व देखरेखीस हवालदार नेमावयाचा, आणि दरवर्षीं पाटांतील गाळ काढण्याचा भार सर्व वांटेकऱ्यांनीं उचलावयाचा, अशी ती व्यवस्था. बंधारा कोणी बांधला तें नांव कित्येक ठिकाणीं विसरलेंहि गेलें. पाणी मात्र खळखळत राहिलें, कारण गाळ काढणारे हात थांबले नाहींत. आमच्या मतें जीसीसीची व्यवस्था ही याच फडाची अर्वाचीन बहीण होय.

गाळ काढणारा न मिळाला तर काय होतें, याचींहि उदाहरणें आहेत. जीसीसीमध्यें ‘जाव्हा’ या भाषेचें रूपांतर करणारा एक विभाग होता. त्या भाषेची दुसरी चांगली मुक्त सोय बाहेर झाली, या विभागाकडे लक्ष देणारे हात उरले नाहींत, आणि २०१७ सालच्या सातव्या आवृत्तींतून तो काढून टाकण्यांत आला. दुसरें उदाहरण विद्यार्थ्यांच्या अधिक जवळचें आहे. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांतून ‘आर्डुइनो’ नांवाची जी छोटी पाटी मुलें दिवे लुकलुकविण्यास व गाड्या चालविण्यास वापरतात, तिच्या एका अत्यंत प्रचलित प्रकारावरील संगणकाच्या जातीस ‘एव्हीआर’ म्हणतात. या जातीसाठीं लागणारा जीसीसीचा विभाग जुन्या पद्धतीनें लिहिलेला होता. ती पद्धति रद्द व्हावयाची ठरली, आणि जो विभाग नव्या पद्धतींत आणला जाणार नाहीं तो गळणार हें उघड झालें. हें काम किचकट. त्यांत कीर्ति नाहीं. तरीहि २०२१ च्या सुमारास एका भारतीय अभियंत्यानें तें चिकाटीनें पार पाडिलें व तो विभाग वांचला. ज्या मुलानें त्यानंतर पाटीवरील दिवा लावला, त्यास हें नांव ठाऊक नसेल. परंतु त्या दिव्यांत त्या अभियंत्याच्या श्रमाचें तेल आहे.

आपल्या महाराष्ट्रांतहि या विद्येची जोपासना झाली आहे. पवई येथील आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक उदय खेडकर यांनीं जीसीसीच्या अभ्यासाचें एक केंद्र चालविलें. एक कोटी ओळींच्या अरण्यांत नवखा विद्यार्थी गोंधळून जातो, म्हणून त्या अरण्यांतील मुख्य वाटा दाखविणाऱ्या कार्यशाळा त्या केंद्रानें भरविल्या व त्यांचीं टिपणें सर्वांस खुलीं केलीं. २००९ सालीं प्रा. खेडकर, प्रा. अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांनीं लिहिलेला या शास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या एका भागांत सिद्धान्त जीसीसीमध्यें प्रत्यक्ष कसे उतरवावे हें दाखविलें आहे. वाट करणाऱ्याइतकाच वाट दाखविणाराहि निगा राखणाऱ्यांतच मोडतो, असें आम्हांस वाटतें.

यावर पालकांची एक शंका येईल, आणि ती रास्त आहे: “जगाच्या फुकट वस्तूची निगा आमच्या मुलानें कां राखावी? त्यानें पोट भरेल काय?” याचें पहिलें उत्तर असें कीं, हें काम सर्वस्वी फुकट नाहीं. ज्या मोठ्या कंपन्यांचा व्यवहार या कंपायलरवर चालतो, त्या आपले पगारी अभियंते या कामास लावितात. दुसरें असें कीं, जो मनुष्य दुसऱ्यानें लिहिलेलें वाचून त्यांतील दोष शोधूं शकतो, त्याला कामाची वाण पडत नाहीं. परंतु शंकेंतील सत्य आम्ही नाकारीत नाहीं. पुष्कळ मुक्त वस्तूंचा सगळा भार एखाद्याच थकलेल्या माणसाच्या खांद्यावर असतो, आणि जग तिकडे पाहतहि नाहीं. २०२४ च्या मार्च महिन्यांत ‘एक्सझेड’ नांवाच्या, माहिती दाबून लहान करणाऱ्या एका साधनांत गुप्त चोरदार घातलेलें आढळलें. त्याची निगा वर्षानुवर्षें एकटा गृहस्थ राखीत होता. मदतीच्या मिषानें आलेल्या एकानें हळूहळू त्याचा विश्वास संपादन केला व घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या संगणकाचें दार उघडण्यास अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा त्यानें केला म्हणून जगावरील मोठें संकट टळलें. यावरून बोध असा कीं, राखणाऱ्यास एकटें टाकणें हें चोरास आमंत्रण देण्यासारखें आहे. जे कारखाने, ज्या संस्था, जीं सरकारें या पाण्यावर आपलें शेत भिजवितात, त्यांनीं पाटकऱ्याचें वेतनहि दिलें पाहिजे. हें दान नव्हे. हें देणें आहे.

विद्यार्थ्यांनीं काय करावें? त्यांनीं आजच कंपायलर लिहावा अशी अपेक्षा नाहीं. जें साधन वापरतां, तें कोणी राखलें आहे हें एकदां शोधून पाहावें. त्यांत दोष आढळला तर नुसता त्रागा न करितां, तो केव्हां, कसा व कोणत्या पायऱ्यांनीं घडतो हें स्वच्छ लिहून राखणाऱ्यास कळवावें. नीट लिहिलेली तक्रार हीहि अर्धी दुरुस्ती असते. एखाद्या साधनाची माहिती मराठींत नसेल, तर ती सोप्या मराठींत लिहून द्यावी. आणि ही संवय घरापासून लावावी: शाळेच्या ग्रंथालयांतील फाटकें पान चिकटवून परत करणारा मुलगा, प्रयोगशाळेंतील सैल तार कोणी न सांगतां घट्ट करणारी मुलगी, हीं उद्यांच्या मोठ्या राखणाऱ्यांचीं पूर्वचिन्हें होत.

तेव्हां बांधणारा थोर कीं राखणारा? आमचें मत असें कीं, बांधणाऱ्याचा मान कमी करण्याचें कारण नाहीं. पण त्याचें बांधणें खरें ठरतें तें राखणाऱ्यामुळें. पुढील खेपेस अंबडच्या एखाद्या कारखान्यांत नव्या यंत्राचे पेढे वांटले जातील, तेव्हां पहिला पेढा शेजारच्या जुन्या यंत्रास तेल देणाऱ्या हातावर ठेवावा, एवढीच आमची सूचना आहे.