चक्कर अंगावर काढू नका

भातलावणीत वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, एखादी बांधावरच कोसळते. घरी लिंबू उतरवतात, 'बाहेरचं' म्हणतात. रक्त मात्र तपासत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय आढळला.

भोर-वेल्ह्याच्या मैत्रिणींनो, हिमोग्लोबिन, बीपी, साखर तपासून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले आहेत. रिपोर्ट चांगले, तरी शुद्ध हरपते? 'मनाचं आहे' म्हणून गप्प बसू नका, ईसीजी काढून घ्या. छातीत धडधडून पडलात, तर १०८ ला फोन करा. पडलो कसे, हे आपल्याला आठवत नाही. ज्या सासूबाईंनी, जावेनं पाहिलं, त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या.