पाती भंगारात घालण्याआधी

खरिपाच्या मशागतीत रोटाव्हेटरची पाती झिजली की शेतकरी नवा संच आणतो आणि जुनी पाती भंगारात जातात. खाणीत एक्स्कॅव्हेटरच्या बकेटची कड झिजू लागली की वेल्डर तिच्यावर कठीण धातूचा थर चढवतो. हार्डफेसिंगची ही विद्या खाणीत रुळली आहे, पण गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात क्वचितच दिसते.

वास्तविक शत्रू दोन्हीकडे एकच आहे, गारगोटी म्हणजेच क्वार्ट्झ. चंद्रपूरच्या कोळशावरच्या वालुकाश्मात ते भरलेले आहे आणि पूर्व विदर्भाच्या रेताड जमिनीतही. विकर्स मापाने क्वार्ट्झची कठिणता 1000च्या वर भरते. साधे पोलाद 150च्या आसपास आणि पाणी दिलेले बोरॉन पोलाद 500च्या घरात, म्हणून वाळू दोघांनाही ओरबाडते. क्रोमियम कार्बाइड मात्र 1500पर्यंत जाते. भरपूर क्रोमियम आणि कार्बन असलेल्या रॉडने दिलेल्या थरात हेच कण तयार होतात आणि वाळूला दाद देत नाहीत.

खरी खुबी थर कुठे द्यायचा यात आहे. तो पात्याच्या एकाच अंगाला द्यावा. उघडे अंग आधी झिजते, कठीण कड पुढे राहते आणि पाते चालता चालता आपली धार आपणच राखते. उंदराच्या पुढच्या दातांना कठीण आवरण पुढूनच असते, त्यांची धार अशीच टिकते. बोथट पाते ट्रॅक्टरला जड जाते, डिझेल जास्त पिते. त्यामुळे बचत नुसत्या पात्यांचीच होते असे नाही.

दोन धोके मात्र आहेत. हा थर ठिसूळ असतो, धोंडाळ रानात त्याचे टवके उडतात. तिथे आघाताने कठीण होत जाणारे मँगनीज पोलाद बरे. नुसत्या रेतीत मात्र त्याचा तो गुण जागा होत नाही. दुसरे, वेल्डिंगची आच जास्त लागली तर मूळ पात्याचे पाणी उतरते. म्हणून हे काम शिकलेल्या हातानेच व्हावे.

तालुक्याच्या आयटीआयने वेल्डिंगच्या मुलांकडून शेतीच्या पात्यांवर हा थर देण्याचा सराव करून घ्यावा. कारखानदारांनी प्रत्येक पात्यावर त्याची कठिणता छापावी. आणि शेतकऱ्यांनी ती विचारल्याशिवाय पाते विकत घेऊ नये.