श्रावणबाळाची कावड आणि वावरची डोली

आषाढ-श्रावणात जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात पाऊस मुक्कामालाच येतो. आवणीची लगबग चाललेली असते, खाचरांचे बांध शेवाळलेले असतात आणि कुडाच्या घरापुढचे सारवलेले अंगण निसरडे झालेले असते. अशाच एखाद्या पहाटे घरातील म्हातारी परसाकडे जाताना घसरते आणि पुन्हा उठू शकत नाही. एक पाय आखूड झाल्यासारखा दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेले असते. खुब्यात हाड मोडले आहे, हे सांगायला वैद्य लागत नाही. मग मुलगा आणि शेजारी बांबूला चादर बांधून डोली करतात आणि चिखलातून, ओढ्यातून वाट काढत डांबरी रस्ता गाठू पाहतात.

आंधळ्या आईवडिलांना कावडीत बसवून खांद्यावर वाहणारा श्रावणबाळ हा आपल्या समाजाच्या मनातील मातृपितृभक्तीचा आदर्श आहे. महाराष्ट्र शासनाने वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेला त्याचेच नाव दिले. परंतु वावरसारख्या गावांच्या दुर्गम पाड्यांवर श्रावणबाळ ही केवळ पुराणकथा राहिलेली नाही. तेथील मुलगा आजही आईबापाला अक्षरशः खांद्यावर वाहतो. त्याच्या भक्तीचे कौतुक अवश्य व्हावे. पण ज्या समाजाने त्याला रस्ता दिला नाही, त्या समाजाने स्वतःकडेही एकदा पाहावे. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरून प्रसूत मातेला मुसळधार पावसात डोलीतून न्यावे लागले आणि तिची जुळी अर्भके दगावली. त्या घटनेने काही दिवस महाराष्ट्र हळहळला. म्हाताऱ्यांच्या डोल्या मात्र बातमीचा विषय होत नाहीत.

वावर-वांगणी ही नावे महाराष्ट्राला माहीत झाली ती 1992-93 साली, कुपोषणाने शंभरावर बालके दगावली तेव्हा. त्यानंतर शासकीय यंत्रणा हलली, मंत्र्यांचे दौरे झाले, अंगणवाड्या वाढल्या, बालकांची वजने नोंदली जाऊ लागली. हे आवश्यकच होते आणि अजूनही पुरेसे नाही. परंतु त्या वर्षी ज्या तरुण आईबापांनी आपली लेकरे मातीत ठेवली, ते आज साठीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. माणसाच्या हाडांची मुख्य पुंजी तिशीपर्यंतच साठते आणि पुढचे सारे आयुष्य त्या पुंजीवर काढायचे असते. अर्धपोटी बालपण, लागोपाठची बाळंतपणे आणि डोईवरच्या मोळ्या यांत या पिढीची पुंजी मुळातच तुटपुंजी राहिली. लेकराच्या वजनकाट्यावर दिसलेली भूक आज आजीच्या मोडलेल्या हाडात दिसते आहे. तिची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

उतारवयात हाडे विरळ आणि ठिसूळ होतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये ही झीज वेगाने होते. डॉक्टर तिला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. त्यात मोतीबिंदू, अपुरा उजेड, रात्रीचे उठणे यांची भर पडली की पडण्याचे निमित्त दूर नसते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे एकपंचमांश ते एकतृतीयांश वर्षभरात दगावतात, असा जगभरचा वैद्यकीय अनुभव आहे. बहुतेकांचा प्राण घेते ते अंथरूण. पडून राहिल्याने पाठीला व्रण होतात, छातीत संसर्ग होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणूनच शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी आणि रुग्णाला लगेच बसते-उभे करावे, असा आग्रह धरला जातो. शस्त्रक्रिया होऊ शकली नाही, तर दर दोन तासांनी कूस बदलून देणारा माणूस शेजारी लागतो. हे काम एक-दोन दिवसांचे नसते, महिनोन्‌महिन्यांचे असते.

खरा पेच येथेच आहे. आषाढात मोडलेले हाड दिवाळीपर्यंत जेमतेम सांधते आणि दिवाळी झाली की पाडे ओस पडू लागतात. भात-नाचणीवर वर्ष निघत नाही. म्हणून तरुण जोडपी भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. ‘जगायला जाणे’ हाच त्यासाठी तेथे रूढ असलेला शब्दप्रयोग आहे. अनेकांनी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, त्यामुळे थांबण्याची मुभा नसते. म्हातारी एकटी मागे राहते, कधी सोबतीला लहानगी नात असते. आईला सोडून जाणारा हा मुलगा कृतघ्न नाही. तो थांबला, तर दोघेही उपाशी राहतील, हे त्याला आणि आईलाही ठाऊक असते.

आईवडिलांच्या पोषणाचा कायदा देशात 2007 साली झाला. त्यानुसार सांभाळ न करणाऱ्या मुलांना न्यायाधिकरण दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च द्यायला लावू शकते. शहरांतील अनेक उपेक्षित वृद्धांना त्याचा आधार झाला. पण ज्याच्यापाशी ऐपतच नाही, त्या मुलापुढे हा कायदा निरुपाय ठरतो. श्रावणबाळ योजनेचे मासिक साहाय्य 2023 साली 1500 रुपये करण्यात आले. सत्तरीवरील सर्वांना आयुष्मान योजनेतून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर 2024 पासून झाली. या तरतुदींचे स्वागतच केले पाहिजे. मात्र जिच्या जन्माची नोंदच कधी झाली नाही, तिने आपले वय सिद्ध कसे करायचे? आणि शस्त्रक्रिया विनामूल्य झाली, तरी परतल्यावर तिला रोज चालवायचे कोणी?

उपाय फार मोठे नाहीत. दिवाळीपूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने पाड्यापाड्यावर मागे राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी आणि आठवड्यातून एकदा त्यांच्या दारी कोणी जाईल, याची व्यवस्था लावावी. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्या घराला गावातच रोजगार हमीचे काम प्राधान्याने मिळावे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीचा मोठा प्रयोग करून महाराष्ट्रानेच देशाला वाट दाखवली होती, याचे स्मरण येथे उपयोगी पडावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेत झाली, तर पडणेच टळते. शंभर ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी याच डोंगरउतारांवर पिकते. ती बाजारात जाण्याआधी घरातल्या ताटात राहिली पाहिजे. आणि रस्ता तर हवाच, कारण रस्त्यावाचून रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक पाड्यापर्यंत पोहोचत नाही.

समाजालाही करण्याजोगे बरेच आहे. शहरांतून रुग्णोपयोगी साहित्याची केंद्रे चालतात. वॉकर, बैठकीची खुर्ची, हवेची गादी या वस्तू तेथे अल्प अनामतीवर मिळतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसणे अनेकदा वर्ज्य असते. त्यामुळे शहरी घरात किरकोळ वाटणारी ती खुर्ची पाड्यावर म्हातारीची लाज आणि जीव दोन्ही राखते. असे एक केंद्र जव्हारला आणि एक मोखाड्याला उभे राहणे कोणत्याही सेवाभावी मंडळाच्या आवाक्यातले आहे.

पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतही आज आईवडिलांचे हाड मोडते, तेव्हा मुलगा परदेशातून पैसे पाठवतो आणि मनात झुरतो. वावरचा मुलगा वीटभट्टीवर बसून तसाच झुरतो, फक्त त्याच्यापाशी पाठवायला पैसे नसतात. दुःख एकाच जातीचे आहे, म्हणूनच ते एकमेकांना कळायला हवे. वनवासी समाजात मातृपितृसेवेचा संस्कार रुजवायला कोणी जाण्याची गरज नाही. तो तेथे आहे, डोलीच्या बांबूखाली खांदे सोलून घेत उभा आहे. त्या खांद्यावरचा भार थोडा वाटून घेणे, एवढेच उरलेल्या महाराष्ट्राकडे मागणे आहे.